बहात्तर तास

बिदर शहराला लागून असलेल्या नौबादच्या जमिनीखालून एक भुयारी पाणवाट जाते. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आताच्या कलबुर्गीहून, बिदरला आली ती पंधराव्या शतकात. त्या काळात इराणी धर्तीवर इथे ज्या करेज खोदल्या गेल्या, त्यांतली ही एक. वरचा लाल जांभा पावसाचं पाणी पिऊन घेतो, खालचा काळा कातळ ते अडवतो आणि दोहोंच्या सांध्यात साठलेलं पाणी अगदी मंद उताराच्या बोगद्यातून वस्तीपर्यंत आणलं जातं. बोगद्याला हवा मिळावी आणि आतला गाळ काढता यावा म्हणून मध्ये मध्ये विहिरीसारखी उभी तोंडं ठेवलेली आहेत. एखाद्या वर्षी पाऊस पाठ फिरवणारच, हे गृहीत धरून तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी केलेली ही तजवीज होती.

आज नौबादहून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, मूग, उडीद दिसतो. दक्षिणेला कलबुर्गीकडे गेलं की तुरीचं राज्य सुरू होतं. तिथल्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पश्चिमेला आणि उत्तरेला भालकी, बसवकल्याण, औराद, कमलनगर ही मराठी बोलणारी गावं ओलांडली की महाराष्ट्र लागतो. बहुतेक शेती पावसावरची आहे. या शेतातल्या अनिश्चिततेवर आजच्या सरकारने जी तजवीज केली आहे तिचं नाव पीकविमा. ती जमिनीत खोदलेली नाही, ती कागदावर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर उभी आहे. पावसाचा धोका तिने काही अंशी आपल्या शिरावर घेतला, हे खरं. पण त्याच वेळी दुसरा एक धोका तिने शेतकऱ्याच्या पदरात टाकला, तो म्हणजे नियम चुकण्याचा. या प्रकरणात आपण बघणार आहोत तो मुख्यतः हा दुसरा धोका.

पीकविम्याची कल्पना भारतात पहिल्यांदा नीट मांडली गेली ती कर्नाटकातच, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात. जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पावसाच्या मोजमापावर आधारलेला विमा सुचवला होता. प्रत्येकाच्या शेतात जाऊन नुकसान मोजत बसू नका, त्या भागात पाऊस किती पडला ते पाहा आणि ठरल्यापेक्षा कमी पडला तर सगळ्यांना भरपाई द्या, असा त्यांचा विचार. जगात इतरत्र ही कल्पना रुजायला पुढे बरीच दशकं जावी लागली. म्हैसूरमध्येही ती पुस्तकातच राहिली.

स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्षात सुरुवात झाली ती नेमकी उलट वाटेने. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ जातीच्या कापसावर विमा आला आणि नंतर तो महाराष्ट्र, कर्नाटकासह आणखी काही राज्यांत गेला. त्यात एकेका शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्रपणे ठरवायचं होतं. १९७८ पर्यंत त्यात फक्त ३,११० शेतकरी आले. जमा झालेला हप्ता ४.५४ लाख रुपये आणि दिलेली भरपाई ३७.८८ लाख. म्हणजे आलेल्या प्रत्येक रुपयामागे आठ रुपयांहून जास्त गेले. कुणाच्या शेतात किती पिकलं असतं आणि किती पिकलं, हे विमा देणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. शेत बघणारा माणूस पोहोचेपर्यंत पीक निघालेलं असायचं, आणि ज्यांची जमीन बेभरवशाची तेच विमा घ्यायला आधी पुढे यायचे.

या कोंडीतून वाट काढली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी. दांडेकर म्हटलं की मराठी वाचकाला दारिद्र्यावरचा अभ्यास आठवतो, पण भारतीय पीकविम्याचे जनक म्हणूनही त्यांचंच नाव घेतलं जातं. १९७६ साली त्यांनी मांडलेला मुद्दा असा: शेतकरी हा घटक धरू नका, क्षेत्र हा घटक धरा. एखाद्या तालुक्याचं किंवा मंडळाचं सरासरी उत्पादन नेहमीपेक्षा घसरलं, तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. यात एकट्याला लबाडी करून काही मिळत नाही, कारण त्याच्या एकट्याच्या शेताने सरासरी हलत नाही. तो मेहनत करून चांगलं पिकवील तर ते पीकही त्याचं आणि भरपाईही त्याची, म्हणून मेहनत सोडायचं कारण उरत नाही. १९७९ मध्ये या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४-८५ पर्यंत तिच्यात ६.२७ लाख शेतकरी आले, हप्ता १.९७ कोटी जमा झाला आणि भरपाई १.५७ कोटी गेली. हिशेब पहिल्यांदाच जमला.

त्यानंतर योजनांची नावं बदलत गेली. १९८५ ची सर्वंकष योजना कर्जदारांना सक्तीची होती. तिच्यात १९९९ पर्यंत हप्त्याचे सुमारे ४०० कोटी आले आणि भरपाईचे २,३०० कोटींहून अधिक गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या गुजरातला, प्रामुख्याने भुईमुगासाठी. मग १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना, २००७ च्या खरिपात कर्नाटकातून हवामानाधारित विमा, आणि २०१६ च्या खरिपापासून आजची प्रधानमंत्री पीकविमा योजना. हिच्यात शेतकऱ्याने खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के भरायचे, बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. २०२० पासून ती कर्जदारांनाही ऐच्छिक झाली. पण या सगळ्या योजनांच्या तळाशी दांडेकरांचं क्षेत्राचं तत्त्व कायम राहिलं. आणि ते तत्त्व उभं आहे एका अगदी छोट्या चौकोनावर.

त्या चौकोनाला पीक कापणी प्रयोग म्हणतात. ज्या क्षेत्राची सरासरी काढायची, तिथली काही शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी, कुणाच्याही मर्जीवर न ठेवता निवडायची. त्या शेताच्या एका कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजत आत जायचं, तिथे खुंट्या ठोकून दोरी लावायची आणि आतलं पीक कापून, मळून, वजन करायचं. दाण्यातला ओलावा गेल्यावर पुन्हा वजन करायचं. अनेक राज्यांत हा चौकोन ५ गुणिले ५ मीटरचा असतो, काही पिकांना १० गुणिले ५ चा. उत्तर प्रदेशात मात्र १० मीटर बाजूचा त्रिकोण घेतात आणि पश्चिम बंगालमध्ये १.७१४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ.

आकारातल्या या फरकामागे चाळीसच्या दशकातला एक मोठा शास्त्रीय वाद आहे आणि त्यात एक बाजू मराठी आहे. कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी अगदी लहान वर्तुळं कापण्याची पद्धत बसवली होती, लहान म्हणजे स्वस्त आणि झटपट. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी मोठ्या चौकोनाचा आग्रह धरला. १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान तितकं उत्पादन फुगून दिसतं. कारण माणसाच्या हातात आहे. परिघावर एखादं ताट अर्धं आत, अर्धं बाहेर असलं की कापणारा ते आत ओढतो. मोठ्या चौकोनात अशा दोन-चार ताटांनी फरक पडत नाही, लहानात तोच फरक मोठा होतो. यात कुणी लबाड नसतं. मोजण्याच्या रीतीतच कल बसलेला असतो.

हा वाद तेव्हा देशाच्या धान्याचा अंदाज करण्यासाठी होता. आज त्याच चौकोनावर पैसे ठरतात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. भरपाईचा हिशेब सोपा आहे. मागच्या सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला ठरलेल्या टक्केवारीने, म्हणजे ७०, ८० किंवा ९० ने, गुणायचं. हे झालं उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन त्याच्या जितके टक्के खाली, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई.

समजा सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल आहे, विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे आणि यंदा प्रयोगांची सरासरी १० क्विंटल आली. तूट २ क्विंटलची, म्हणजे सहावा हिस्सा. भरपाई ८,३३३ रुपये. आता समजा मोजताना १० ऐवजी ११ क्विंटल आले. भरपाई थेट निम्मी, ४,१६७ रुपये. हेक्टरी १० क्विंटल म्हणजे ५ गुणिले ५ मीटरच्या चौकोनात अडीच किलो सोयाबीन. ग्रामपंचायत हा घटक असेल तर मुख्य पिकाचे किमान चार प्रयोग होतात. चार चौकोनांत मिळून दहा किलो दाणा. त्यात एक किलोचा फरक पडला की पंचायतीतल्या प्रत्येक विमाधारकाची भरपाई अर्ध्यावर येते. हा एक किलो काठावरच्या ताटांतून येऊ शकतो, दाण्यातल्या ओलाव्यातून येऊ शकतो, खुंटी हातभर पुढे ठोकल्याने येऊ शकतो. चौकोनाभोवती गावकरी आणि कंपनीचा प्रतिनिधी दोघंही उभे असतात. एकाला दाणा कमी यायला हवा असतो, दुसऱ्याला जास्त. मध्ये वाकून कापणाऱ्या कर्मचाऱ्याकडे त्या पंधरवड्यात अशी अनेक शेतं असतात. प्रयोगाचं ठिकाण, छायाचित्र आणि वजन आता ॲपमध्ये जागेवरच नोंदवावं लागतं, ते याच ताणामुळे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं, पुढच्या वर्षी सोयाबीनही त्यात आलं. उपग्रहाच्या अंदाजाला तरी तपासायला जमिनीवरचा तोच चौकोन लागतो.

आता सीमेवर या. कर्नाटकात मुख्य पिकांसाठी विम्याचा घटक ग्रामपंचायत आहे आणि किरकोळ पिकांसाठी होबळी, म्हणजे अनेक गावांचा महसुली गट. महाराष्ट्रात तो आहे महसूल मंडळ, म्हणजे बरीच गावं मिळून एक. मंडळाला किमान दहा प्रयोग, तालुका घटक असेल तर सोळा. मांजरा नदी निलंगा, देवणीकडून येते आणि भालकी, औरादकडे जाते. तिच्या काठचं रान सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच काळं आहे, ढगही तोच. पण एखाद्या गावावरच गारपीट किंवा ढगफुटी झाली, तर कर्नाटकाच्या बाजूला ती पंचायतीच्या सरासरीत ठळक दिसते, महाराष्ट्राच्या बाजूला मंडळातल्या इतर गावांच्या चांगल्या पिकात विरघळून जाते. उलट, घटक लहान झाला की प्रयोगांची संख्या अफाट वाढते आणि प्रत्येक प्रयोगाची गुणवत्ता घसरते. दोहोंपैकी पंचायतीचा घटक मला शेतकऱ्याच्या बाजूचा वाटतो, पण त्यासाठी माणसं नेमावी लागतात. त्याच तलाठ्याच्या, त्याच कृषी सहायकाच्या माथी चौपट प्रयोग मारून हा न्याय होत नाही.

सरासरीत न दिसणारं नुकसान धरण्यासाठी योजनेत काही जादा दारं ठेवलेली आहेत. पेरणीच होऊ शकली नाही तर. हंगामाच्या मध्येच अपेक्षित उत्पादन नेहमीच्या निम्म्याखाली जाईल असं दिसलं, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के आगाऊ. गारपीट, पुरासारखी स्थानिक आपत्ती आली तर. आणि काढून रानात वाळत घातलेलं पीक चौदा दिवसांच्या आत पावसात सापडलं तर. शेवटच्या दोन दारांशी एक घड्याळ टांगलेलं आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्याने कळवायचं, ॲपवर, दूरध्वनीवर, बँकेत किंवा कृषी कार्यालयात. सुरुवातीला ही मुदत ४८ तासांची होती, २०१८ मध्ये ती वाढवली.

मुदत असण्यात काही गैर नाही. भिजलेलं सोयाबीन आठवड्याभरात कुजतं किंवा उचललं जातं, मग बघायचं काय? पण ऑक्टोबर २०२० मध्ये या मुदतीची खरी परीक्षा झाली. बंगालच्या उपसागरातला एक तीव्र कमी दाबाचा पट्टा १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ जमिनीवर आला, हैदराबाद बुडवून पुढे सरकला आणि बिदर, कलबुर्गी, उस्मानाबाद, सोलापूर या सगळ्या पट्ट्यावर कोसळला. भीमेला महापूर आला. सोयाबीन नुकतंच काढलेलं, रानात पसरलेलं किंवा गंजी लावलेलं होतं. त्यात करोनाचे दिवस. ज्याच्या घरात पाणी शिरलं आहे, वीज नाही, रस्ता नाही, त्याने तीन दिवसांत मोबाइलवर शेताचं छायाचित्र आणि गट क्रमांक टाकायचा होता.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, थोड्यांनाच ते जमलं. बाकीच्यांचा दावा विमा कंपनीने मुदतीच्या मुद्द्यावर नाकारला. त्याच शेतांचे पंचनामे महसूल खात्याने केले होते आणि त्या पंचनाम्यांवर सरकारने आपत्ती निधीतून मदतही वाटली होती. म्हणजे पीक गेलं आहे हे सरकारदरबारी नोंदलेलं होतं, फक्त ते शेतकऱ्याने स्वतः ठरलेल्या खिडकीत येऊन सांगितलेलं नव्हतं. शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा आदेश दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही शेतकऱ्यांचीच बाजू टिकली. पण पीक गेलं २०२० च्या दिवाळीआधी आणि न्याय मिळाला दोन हंगाम उलटून गेल्यावर. मधल्या काळातलं बी-बियाणं, खत, सावकाराचं व्याज कुणी मोजलं नाही.

नियमपुस्तकात या प्रसंगाची सोयही लिहिलेली आहे. एखाद्या घटकातलं बाधित क्षेत्र विमा घेतलेल्या क्षेत्राच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल, तर नमुना पाहणी करून सगळ्याच पात्र विमाधारकांचं नुकसान झालं असं धरता येतं. एवढा मोठा पूर आल्यावर हे कलम आपणहून लागू व्हायला हवं होतं. ते लागू करायची जबाबदारी कार्यालयांवर होती आणि ७२ तासांची जबाबदारी शेतकऱ्यावर. दोहोंपैकी शेतकऱ्याचीच जबाबदारी काटेकोरपणे तपासली गेली.

याच योजनेतल्या दुसऱ्या मुदतीही बघा. शेतकऱ्याने कळवल्यावर ४८ तासांत कंपनीने पाहणी करणारा नेमायचा, दहा दिवसांत पाहणी उरकायची, अहवालानंतर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. राज्य सरकारने आपल्या वाट्याचा हप्ता वेळेवर भरायचा, कारण तो रखडला की भरपाईही रखडते. यात कंपनीला उशीर झाला तर वार्षिक १२ टक्के दराने व्याज. राज्याला उशीर झाला तर तेच, १२ टक्के. शेतकऱ्याला चौथ्या दिवशी जाग आली तर त्याचा सगळा हक्क संपतो. ज्यांच्याकडे कार्यालयं, संगणक, वकील आणि पगारी माणसं आहेत त्यांच्या उशिराला व्याज, आणि ज्याच्याकडे चिखलात रुतलेलं एक शेत आहे त्याच्या उशिराला पूर्ण जप्ती. कोणत्याही सरकारी योजनेचे नियम वाचताना मी आधी हेच शोधतो: चुकीची किंमत कुणाला किती पडते. पीकविम्यात तिचं वजन उलटं पडलं आहे, आणि ते सरळ करणं हे एखादं नवं ॲप काढण्यापेक्षा अधिक निकडीचं आहे.

नियम सैल केले की काय होतं, हेही आपण जवळून पाहिलं आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने एक रुपयात पीकविमा जाहीर केला. शेतकऱ्याचा वाटाही राज्याने उचलला. आदल्या खरिपात अर्ज ९६ लाखांच्या घरात होते, त्या खरिपात ते १ कोटी ७० लाखांवर गेले. हेतू चांगला होता. कित्येक लहान शेतकरी पहिल्यांदाच विम्यात आले. पण अर्ज भरणाऱ्या केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत होते आणि भरणाऱ्याच्या खिशातून जात होता एक रुपया. त्यामुळे अर्जाची सत्यता तपासण्यात कुणाचंच हित उरलं नाही. गायरानावर, देवस्थानच्या आणि शासकीय जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणं निघाली. ज्या शेतात कांदा कधी लागलाच नाही तिथे कांद्याचा विमा निघाला. बीड जिल्ह्याचं नाव यात वारंवार आलं.

याच बीडचं नाव आधी एका चांगल्या प्रयोगासाठी गाजलं होतं. सततच्या दुष्काळामुळे तिथे विमा द्यायला कुणी कंपनी पुढे येईना, तेव्हा २०२० मध्ये ‘बीड पॅटर्न’ आला: भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्याचा, भरपाई ८० टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. नफ्यालाही बांध, तोट्यालाही बांध. धोका वाटून घ्यायचा कसा, याचं ते चांगलं उदाहरण आहे.

गैरप्रकारांवर महाराष्ट्राचं उत्तर २०२५ मध्ये आलं. एक रुपयाची योजना बंद झाली. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची झाली. इथवर मला पटतं. विमा रकमेचे दोन टक्के शेतकऱ्याने भरणंही पटतं, कारण पैसे भरणारा माणूस पावती जपून ठेवतो आणि प्रश्न विचारतो. पण त्याच फटक्यात वर सांगितलेली जादा दारंही बंद करण्यात आली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरीवर, मिळणार असं ठरलं. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा, सीना, भीमा फुगल्या. उदगीर, निलंग्याच्या ज्या शेतकऱ्याची नदीकाठची चार एकरं खरवडून गेली, त्याला स्वतःचं नुकसान विमा कंपनीला कळवायची सोयच उरलेली नव्हती. नदीच्या खालच्या अंगाला, भालकी-औरादच्या शेतकऱ्याला ती होती. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राला ३१,६२८ कोटींचं मदत पॅकेज जाहीर करावं लागलं. विम्यातून काढलेला धोका नाहीसा झाला नव्हता, तो तिजोरीच्या दारात येऊन उभा राहिला.

लबाडाला पकडणारा आणि प्रामाणिकाला बाहेर ढकलणारा नियम बहुधा एकच असतो. गाळणी घट्ट केली की दोघंही अडकतात, सैल केली की दोघंही सुटतात. म्हणून नियम किती कडक, याच्याइतकंच तो कुठल्या वेळी लागतो हे महत्त्वाचं आहे. जमीन कुणाची, तीवर पीक कोणतं, हे तपासायची वेळ हप्ता घेतानाची आहे. तेव्हा पीक उभं असतं, कुणाचं घर पाण्यात नसतं आणि चूक सापडली तर दुरुस्त करायला हंगाम पडलेला असतो. तीच तपासणी पीक गेल्यावर केली की तिचं रूप शिक्षेचं होतं.

कर्नाटकाच्या बाजूचा एक रोजचा अनुभव याच जातीचा आहे. तिथे विमा ‘संरक्षणे’ या राज्याच्या पोर्टलवरून निघतो आणि विमा घेतलेलं पीक सरकारी पीक पाहणीतल्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. जुळलं नाही तर अर्ज अडतो. बिदर-कलबुर्गीच्या रानात मात्र सोयाबीन किंवा उडदात तुरीचे तास घालायची जुनी रीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघून जातं आणि त्याच जमिनीवर डिसेंबर-जानेवारीपर्यंत एकटी तूर उभी राहते. पाहणी करणारा ज्या दिवशी आला त्या दिवशी जे डोळ्यांत भरलं ते नोंदलं गेलं. विमा तुरीचा, नोंद सोयाबीनची. पुढे तुरीला मर लागली किंवा फुलोऱ्यात धुकं पडलं, की त्या एका नोंदीवर दावा अडकतो. नोंदीवर हरकत घेता येते, त्यालाही मुदत असते, पण नोंद काय झाली आहे हे कळण्यासाठी पोर्टल उघडून कन्नड वाचावं लागतं. औरादच्या किंवा आळंदच्या मराठी शाळेत शिकलेल्या सत्तरीतल्या शेतकऱ्याला ते नातवाकडून वाचून घ्यावं लागतं, आणि नातू बऱ्याचदा हैदराबादेत किंवा पुण्यात कामाला असतो. पीक पाहणीची यादी दोन्ही भाषांत छापून पंचायतीच्या भिंतीवर लावली, ग्रामसभेत मोठ्याने वाचली, तर हा धोका जवळपास फुकटात कमी होईल. पीक कापणी प्रयोगाचे चार शेतांतले चार आकडेही तसेच, भरपाई ठरण्याआधी, तिथेच लागायला हवेत. ज्याच्या डोळ्यांसमोर चौकोन कापला गेला त्याला त्यातला खोटा किलो लगेच ओळखू येतो.

नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात २०११ ते २०१६ या काळातल्या पीकविमा योजना तपासल्या होत्या. लाभ मिळालेल्या शेतकऱ्यांची धड माहितीच केंद्राकडे नाही, असा त्यांचा एक ठपका होता. पाहणीतल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना या योजनांची माहिती नव्हती, हा दुसरा. पहिल्यावर त्यानंतर बरंच काम झालं. राष्ट्रीय पोर्टल आलं, दाव्याचे पैसे थेट खात्यात जाऊ लागले, तक्रारीसाठी १४४४७ हा देशभरचा क्रमांक सुरू झाला. दुसऱ्या ठपक्याचं काम पोर्टलने होत नाही. ते रयत संपर्क केंद्रातल्या, पंचायतीतल्या, सोसायटीतल्या माणसानेच करायचं आहे. शेतकऱ्याच्या हातात तोवर एवढंच आहे: विम्याची पावती आणि पहाणीचा उतारा शेजारी ठेवून पिकाचं नाव आणि सर्व्हे नंबर जुळतो का ते जुलै-ऑगस्टातच पाहणं, नुकसान झालं की फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवणं, आणि आपल्या पंचायतीत पीक कापणी प्रयोग कुठल्या दिवशी आहे ते विचारून तिथे हजर राहणं.

२०२६ च्या खरिपापासून या योजनेत आणखी एक दार उघडायचं ठरलं आहे. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात धरलं जाईल. कोणते प्राणी आणि कोणते भाग, याची यादी राज्यांनी जाहीर करायची आहे. बिदर जिल्ह्यात काळविटांचे कळप आहेत, रानडुकरं सगळीकडेच आहेत, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याची ही जुनी मागणी होती. अट तीच आहे: ७२ तासांच्या आत, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रासह, ॲपवर. पुरात बुडालेलं शेत महसूल खात्यालाही दिसतं. कळप रात्री येतो, कोवळे शेंडे खुडून पहाटेपूर्वी जातो, आणि हे नुकसान एका रात्रीत होत नाही, ते महिनाभर थोडं थोडं होत राहतं. ७२ तास कुठल्या रात्रीपासून मोजायचे, हे कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी खरिपाच्या अधिसूचनेतच स्पष्ट लिहायला हवं. ते लिहिलं नाही, तर तो अर्थ पुन्हा एकदा औरंगाबादच्या किंवा कलबुर्गीच्या खंडपीठात, दोन हंगामांनंतर ठरेल.